कार्बन मास्टच्या आधी कीलचे बोल्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघा मित्रांनी मिळून २००५ साली बांधलेली ३६ फुटी फायबरग्लासची स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट) घेतलीत. बोट कुलाब्यासमोर मुरिंगवर (तळाशी बांधलेल्या बोयावर) असते आणि बंदरातल्या रविवारच्या शर्यतींत बऱ्यापैकी पुढे येते. पुढच्या हंगामात मुंबई ते गोवा शर्यतीनं जायचंय, आणि तीनेक वर्षांत केप टाऊन ते रिओसारखी खरी महासागरी शर्यत करायचीय. हाताशी २० लाख आहेत. ते कार्बनच्या मास्टवर (डोलकाठीवर) घालावेत, लॅमिनेटच्या (थर चिकटवून केलेल्या) नव्या शिडांवर, की कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंखा, खोल करून घ्यावी?

माझं उत्तर: यंदा तिन्हींपैकी काहीच करू नका. बोटी दुरुस्त करणं, रिगिंग (मास्टच्या तारा-दोर) बांधणं आणि त्याच बोटींवरून शर्यती करणं यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून कारणं सांगतो.

तुम्ही विचारलंय वेगाबद्दल. बंदरातल्या शर्यतीत काही तुटलं तर अर्ध्या तासात कुणीतरी दोर टाकून ओढून नेतं, म्हणून तिथे वेग शिडांच्या आकारावर आणि तुमच्या डावपेचांवर ठरतो. रत्नागिरीच्या तीस मैल बाहेर, रात्री तीन वाजता, २५ नॉटचा वारा आणि आखूड लाटा असताना बोटीचा वेग ठरतो तो सुकाणूवरचा माणूस किती वेळ शीड कमी न करता धरून राहतो यावर. आणि तो तेव्हाच धरून राहतो, जेव्हा खालून येणारा प्रत्येक कट्ट आवाज कशाचा आहे हे त्याला माहीत असतं. बोटीवर विश्वास नसलेला क्रू नवीन शिडं असूनही दोन रीफ घेऊन (शीड दोन टप्पे लहान करून) सावकाश जातो. म्हणून तुमचे पैसे आधी विश्वास ठेवण्याजोगी बोट करण्यात जायला हवेत. वेग त्यातून बराच येतो.

आता यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे ते आधीच सांगतो. तुमचं हल (बोटीचं कवच) एकसंध लॅमिनेटचं, म्हणजे फायबरच्या भरीव थरांचं, आहे की मध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा फोम आहे, कील ओतीव लोखंडाची की शिशाची, आधीच्या मालकानं बोट कुठे आपटली होती का, मास्ट डेकवर उभा आहे की खाली कीलपर्यंत जातो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. यातल्या प्रत्येकानं खर्चाचे आकडे बदलतात. शर्यतीची कॅटेगरीही बघा. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या ऑफशोअर स्पेशल रेग्युलेशन्समध्ये शून्य ते चार अशा वर्गवाऱ्या आहेत. किनाऱ्यापासून फार न तुटणारी लांब शर्यत साधारण दोनमध्ये बसते, खूप बाहेर आणि बराच काळ स्वतःच्या बळावर राहायचं असेल तर एक. कुठली लागू आहे ते आयोजक शर्यतीच्या सूचनापत्रात छापतात. ते कागद हातात आल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नका.

सुरुवात कागदावरच होते, आणि ती फुकट आहे. १९७९ च्या इंग्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळात १५ खलाशी गेले. त्यानंतर हलक्या आणि रुंद बोटी उलटल्यावर उलट्याच का राहतात यावर खूप काम झालं. त्यातून आलेलं एक सोपं गणित अजून कामाला येतं: बोटीची जास्तीत जास्त रुंदी मीटरमध्ये घ्या, आणि तिनं बाजूला सारलेल्या पाण्याच्या घनमीटरच्या घनमुळानं भागा. उत्तर २ च्या खाली असावं. समजा तुमची रुंदी ३.६ मीटर आणि वजन ६ टन. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरली तर पाणी होतं ५.८५ घनमीटर, घनमूळ १.८०, उत्तर जेमतेम २. आता 'हलकी करू' म्हणून याच बोटीतून अर्धा टन काढलात तर उत्तर २.०६ येतं. हे गणित ढोबळ आहे, कारण वजन वर आहे की खाली हे त्याला कळत नाही. म्हणून बोटीचा स्थिरतेचा आलेख मिळवा. बिल्डरकडे किंवा त्या मॉडेलच्या मालकांच्या संघटनेकडे तो बहुधा असतो. त्यात बघायचं ते एवढंच की बोट किती अंशांपर्यंत कलली तरी स्वतःहून सरळ येते. दूरच्या पाण्यात जायचं तर १२० अंश किंवा वर हवं, असं मी धरतो. ११० च्या आसपास असेल तर रिओ विसरा आणि गोव्याच्या शर्यतीची मजा घ्या. बोट बदलण्याचा निर्णय आत्ताच घेतलेला बरा.

आता कील खोल करण्याबद्दल, कारण तुमच्या तीन पर्यायांत मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटली. धरा, कील २००० किलोची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य हलच्या सांध्यापासून ०.८ मीटर खाली आहे. बोट पूर्ण आडवी झाली की सांध्यावर १६०० किलोग्रॅम-मीटरचा पीळ येतो. बोल्ट आणि समोरची कड यांत अंतर असतं उणंपुरं १५ सेंटीमीटर. म्हणजे बोल्टांच्या त्या रांगेवर दहा टनांहून जास्त ओढ. तळाशी बल्ब लावून गुरुत्वमध्य आणखी ४० सेंटीमीटर खाली नेलात की तीच ओढ सोळा टनांवर जाते, आणि लाटेवरून आपटण्याचा हिसका अजून यात धरलेला नाही. हा सगळा भार शेवटी बोटीच्या आतल्या तळातल्या ग्रिडवर, त्या आडव्या-उभ्या फायबरच्या फासळ्यांवर जातो. वीस वर्षांपूर्वीच्या डिझायनरनं ती फासळी दहा टनांसाठी काढली होती. नेव्हल आर्किटेक्टनं नव्यानं गणित करून सही केल्याशिवाय कीलला हात लावायचा नाही.

आणि मुंबईत हे जास्त गंभीर आहे. आपल्याकडे मोठ्या उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी चार ते पाच मीटर वर-खाली होतं. या बंदरात वर्षानुवर्षं राहिलेली आणि कधीच तळाला न लागलेली बोट मी पाहिलेली नाही. गाळात रुतली तर फारसं बिघडत नाही, पण मांडव्याच्या बाजूला किंवा प्राँग्जच्या खडकाजवळ सहा नॉटनं लागली तर कीलची मागची कड वर दाबली जाते आणि ग्रिड हलपासून सुटतं. बाहेरून ओरखडा दिसतो, तो लोक भरून रंगवतात. २०१४ साली चीकी राफिकी नावाची ४० फुटी बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परत जाताना अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली. चौघे होते, चौघेही गेले. हल सापडलं तेव्हा लाइफराफ्ट जागच्या जागी होती, काढायला वेळच मिळाला नव्हता. ब्रिटिश चौकशीत आधीच्या आपटण्यांनी आणि दुरुस्त्यांनी ग्रिडचा जोड कमकुवत झाल्याची शक्यता मांडली गेली. नवी बोट घेतलेल्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगतो.

तपासायचं कसं? मी एक छोटी, प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी वापरतो. ससून डॉकच्या बाजूला लाकडी होड्या दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क सुताराकडून मी हे शिकलो. तो नारळी पौर्णिमेआधी प्रत्येक फळी वाजवून बघायचा. फायबरलाही तीच रीत चालते. बिल्ज (बोटीच्या आतला सगळ्यात खालचा भाग) कोरडं पुसा, फ्लोअरबोर्ड सगळे काढा, इंजिन बंद, पंखे बंद, फोन बाजूला. कीलच्या पुढच्या बोल्टापासून सुरुवात करून ग्रिडच्या प्रत्येक फासळीच्या दोन्ही बाजूंना दर पाच सेंटीमीटरवर टकटक करत मागे या. जोड पक्का असेल तर आवाज टणक, छोटा येतो. सुटला असेल तर तडा गेलेलं मडकं वाजतं तसा बद्द येतो. एकदा ऐकलात की परत चुकत नाही. बद्द जागा खडूनं आखा. मला सगळ्यात जास्त खुणा मिळतात त्या कीलच्या मागच्या टोकाला, इंजिनच्या अगदी पुढे, जिथे हात पोचत नाही म्हणून कुणी बघत नाही. त्यानंतर एकेक नट सोडून वायसर आणि खालचं लॅमिनेट बघा. सगळे एकदम सोडायचे नाहीत. एखाद्याखाली गंजाचं तपकिरी पाणी दिसलं तर तो बोल्ट काढून बघणं आलं, कारण स्टेनलेस स्टील हवा न पोचणाऱ्या ओल्या फटीतच आतून खातं.

तीच गोष्ट चेनप्लेटची, म्हणजे मास्टच्या तारा बोटीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची. गेल्या वर्षी एका ३८ फुटीच्या चेनप्लेट काढल्या. डेकच्या वर आरशासारख्या चकचकीत, केबिनमध्येही स्वच्छ. डेकच्या जाडीत जो इंचभर भाग दडलेला होता तिथे पट्टी अर्ध्याहून जास्त चिरलेली होती, चिरेत काळपट-तपकिरी पावडर. भोवतीचा बाल्सा बोटानं दाबला तर ओल्या भुशासारखा निघाला. मालकानं आदल्याच हंगामात शिडं नवी केली होती. तुमची बोट वीस वर्षांची आहे, म्हणजे एकही चेनप्लेट जागेवर ठेवून 'ठीक दिसतंय' म्हणू नका. सगळ्या काढा, डाय पेनेट्रंट (चिरांत शिरणारा रंग) लावून चिरा बघा, शंका आली की नवीन करून घ्या. ती एक स्टीलची पट्टी आहे, महाग नाही. महाग पडतो तो वरून कोसळणारा मास्ट. मास्टच्या तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर त्याही बदला. विशेषतः खालचं स्वेज (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली नळी) बघा, तिथे खारं पाणी साचून राहतं. डेकच्या कडेच्या लाइफलाइनला पांढरं प्लॅस्टिकचं वेष्टण असेल तर ती तार आजच काढून टाका. आत काय चाललंय ते दिसतच नाही. तुमच्या आकाराला किमान ४ मिलिमीटरची उघडी स्टेनलेस तार लागते.

सुकाणूबद्दल माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. जानेवारीतली रात्र, जयगडच्या बाहेर, मतलई वारा नुकता सुरू झालेला. दुसऱ्याच्या बोटीवर मी क्रू होतो. चाक जड होत गेलं आणि तासाभरात जाम झालं. खालचं बेअरिंग नायलॉनचं होतं. नायलॉन पाणी शोषून फुगतं, आणि त्यानं रडरचा (सुकाणूच्या पाण्यातल्या पात्याचा) दांडा आवळून धरला होता. आपत्कालीन टिलर (रडर थेट फिरवायचा दांडा) होता, कधी बाहेर काढलेला नव्हता. बसवला तर तो चाकाच्या खांबाला अडकून डावीकडे दहा अंशांपुढे जाईना. शेवटी खांबावरचा होकायंत्राचा डबा काढून जागा केली, टिलरला दोर बांधून दोन्ही विंचवर (दोर ओढायच्या फिरक्यांवर) नेला आणि दोघांनी मिळून जोर लावून बोट सकाळपर्यंत सरळ ठेवली. तुम्ही पुढच्याच रविवारी टिलर बसवून, चाक बांधून ठेवून, बंदराला एक फेरी मारा. नियमात सुकाणूशिवाय बोट वळवण्याचा सरावही अपेक्षित आहे. मागे ड्रोग (पाण्यात ओढ देणारी कापडी पिशवी) सोडून, त्याचे दोन दोर दोन्ही बाजूंना कमी-जास्त करून बोट वळते. पहिल्यांदा जमत नाही, तिसऱ्यांदा जमतं. बोट वर काढाल तेव्हा रडर धरून जोरात हलवा: खालच्या बेअरिंगमध्ये खडखड नको आणि आवळलेपणाही नको. रडरच्या तळाशी बारीक भोक पाडून आतून तपकिरी पाणी ठिबकलं तर आतला फोम भिजलाय आणि दांड्याला जोडलेल्या पट्ट्या गंजत आहेत असं समजा.

पाणी आत येण्याच्या जागांवर मी फार लिहीत नाही. सीकॉक (हलमधल्या भोकांवरच्या तोट्या) सुरीनं खरवडून बघा, आत गुलाबी दिसलं तर त्या पितळेतला जस्त निघून गेलाय, तो बदला. बिल्जमध्ये खरोखर बादल्या ओतून पंप चालवा, किती मिनिटांत किती पाणी जातं ते लिहून ठेवा. हॅचवर पाइपनं जोरात पाणी मारा आणि आत एकानं टॉर्च घेऊन बसा.

इथवर आलात की २० लाखांतला मोठा वाटा गेलेला असेल. हेच मला म्हणायचं होतं: कील, चेनप्लेट, तारा, सुकाणू, सीकॉक. उरलेल्यातून शिडं.

शिडांबाबत तुम्ही लॅमिनेट म्हणालात. मुंबईत मी दूरच्या शर्यतीसाठी डेक्रॉनच (विणलेलं पॉलिएस्टर) सुचवतो. लॅमिनेट आकार उत्तम धरतं, पण आपल्या दमट हवेत थरांच्या मध्ये बुरशी धरते आणि दुमडतं तिथून फुटायला लागतं. मेनसेलला (मास्टमागच्या मोठ्या शिडाला) तिसरा रीफ पाहिजेच. स्टॉर्म जिब (वादळातलं पुढचं छोटं शीड) स्वतंत्र हवं आणि ते फर्लरवर (शीड गुंडाळणाऱ्या नळीवर) न चढवता आतल्या स्टेवर, म्हणजे तारेवर, हुकनं लागणारं हवं. आकारही नियमात आहे: मास्ट आणि पुढची तार यांतल्या त्रिकोणाच्या उंचीच्या वर्गाच्या ५ टक्के किंवा कमी. उंची १४ मीटर असेल तर १९६ चे ५ टक्के, म्हणजे ९.८ चौरस मीटर. तुमच्या जीनोआपुढे (पुढच्या मोठ्या शिडापुढे) ते रुमालाएवढं वाटेल. त्याच हिशेबानं जोरदार वाऱ्याचं जिब १३.५ टक्के, साधारण २६ चौरस मीटर. हे तिन्ही अंधारात, हेडलँप बंद करून चढवायचा सराव करा.

फुकट मिळणारा वेगही आहे. नाळेतली (पुढच्या टोकातली) जादा साखळी, जुने दोर, मागच्या लॉकरमधली हत्यारं, कुणीतरी ठेवलेला दुसरा नांगर, हे सगळं टोकांवरून काढून मध्ये, खाली आणून ठेवा. टोकं हलकी झाली की बोट लाटेवर कमी डुलते आणि वाऱ्याविरुद्ध जाताना फरक लगेच जाणवतो. वर अर्धा टन काढण्याचं गणित दिलं ते आठवा: वजन फेकायचं नाही, जागा बदलायची. आणि तळ स्वच्छ ठेवा. आपल्या बंदरात काही आठवड्यांत बारनॅकल धरतात, आणि गढूळ पाण्यात पाणबुड्या हातानं चाचपूनच घासतो. शर्यतीच्या आधी बोट वर काढून घासलेली बरी.

मुंबई–गोवा वाटेवर आणखी एक धोका आहे: मासेमारीची जाळी आणि त्यांच्या काठ्या. किनाऱ्याजवळ रात्री मतलई वारा चांगला मिळतो, म्हणून शर्यतवाले आत ओढले जातात, आणि जाळीही तिथेच असतात. कील किंवा रडरवर जाळं अडकलं तर वरून कापता येईल असं लांब काठीला बांधलेलं दातेरी पातं ठेवा. पलीकडच्या कोळ्याचंही त्यात पोट आहे, म्हणून आधी चुकवायचा प्रयत्न करा आणि इलाजच उरला नाही तरच कापा.

मोठ्या शर्यतीच्या स्वप्नाबद्दल मला मनापासून आनंद आहे, कारण आपल्या शहराचं या गोष्टीशी जुनं नातं आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननं एकट्यानं, न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली ती सुहेली बोट इथेच, मुंबईत, सागवानात बांधलेली. फक्त ३२ फूट. १९६८ च्या त्या शर्यतीत नऊ जण निघाले आणि १९६९ मध्ये ती एकटीच पोचली. ताफ्यातली ती काही जलद बोट नव्हती. वाटेत सांधा गळायला लागला तर त्यानं पाण्यात उतरून तो बाहेरून बंद केला. गोव्यात बांधलेली ५६ फुटी म्हादेई मुंबईहूनच निघाली आणि दिलीप दोंदे २०१० मध्ये, अभिलाष टॉमी २०१३ मध्ये तिच्यावरून जगाला फेरी मारून परत आले. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं जगाला फेरी मारायच्या शर्यतीत टॉमींच्या थुरिया बोटीचा मास्ट दक्षिण हिंदी महासागरात गेला, पाठीला गंभीर इजा झाली. ते त्याच शर्यतीत पुन्हा निघाले आणि २०२३ मध्ये ३६ फुटी बोटीवरून दुसरे आले. तुमच्या बोटीच्याच लांबीची.

वेळापत्रक असं धरा. आत्ता फेब्रुवारी आहे. एप्रिलच्या सुरुवातीला बोट वर काढा, मास्ट उतरवा. ग्रिड, डेक, कुठलंही फायबरचं काम मे संपायच्या आत पुरं करा. जुलैच्या हवेत इपॉक्सीवर चिकट, मेणचट थर येतो, पुढचा थर त्यावर नीट धरत नाही आणि ते महिन्यांनी उघडं पडतं. पावसात छपराखाली रिगिंग, वायरिंग, पंप, सीकॉक. डिझेलची टाकी पावसाआधी काठोकाठ भरा, नाहीतर आत दव धरून डिझेल सडतं. ऑक्टोबरमध्ये पाण्यात, आणि शर्यतीआधी एक पूर्ण रात्र खांदेरीच्या बाहेर, परत न येता.

बोट वर निघाली की मला तीन फोटो पाठवा: कीलचा सांधा पुढून आणि मागून, ग्रिडवरच्या खडूच्या खुणा, आणि रडरचं खालचं बेअरिंग. सांध्याचा फोटो बोट क्रेनच्या पट्ट्यांवर अधांतरी असतानाच काढा. ठोकळ्यावर टेकली की कीलच्या वजनानं उघडलेली फट मिटते आणि मग मला तुम्हाला काहीच सांगता येणार नाही.